रंगपेटी नको, तीन बाटल्या हव्यात

आमची जिल्हा परिषदेची शाळा पांझरा नदीकाठी. चौथीत २२ मुलं. रंगचक्र (कुठल्या रंगांतून कुठला रंग होतो ते दाखवणारं वर्तुळ) आणि भौमितिक आकारांतून अमूर्त चित्र, असं शिकवायचं मी जुलैत ठरवलं आणि रंग हातात पडले डिसेंबरात. मधले महिने कशात गेले ते लिहिते, म्हणजे निदान दुसऱ्या कुणाचे तरी वाचतील.

मला सुटे पोस्टर कलर हवे होते: क्रिमझन (निळ्याकडे झुकणारा लाल), लेमन यलो (लिंबासारखा पिवळा), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि जोडीला पांढरा. १२ रंगांची पेटी नकोच होती. पेटीत हिरवा तयार असतो, मग मूल पिवळ्यात निळा कशाला कालवेल? शिवाय पेटीतला लाल बऱ्याचदा शेंदरीकडे झुकलेला असतो, म्हणजे त्यात पिवळ्याची छटा असते. त्यात निळा घातला की तिन्ही मूळ रंग एकत्र आल्यासारखं होतं आणि जांभळ्याऐवजी मातकट तपकिरी उरतो. ही मुलं तिसरीत असताना नेमकं हेच झालं. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, हाऊ ते गारा व्हई गया," म्हणजे हा तर चिखल झाला. तिचं काहीच चुकलं नव्हतं, चुकीचा लाल आम्ही दिला होता.

तालुक्याच्या कार्यालयात हे पटवणं महाकठीण. पहिल्या फेरीत सांगितलं, यादीत 'रंगपेटी' आहे, बाटल्या नाहीत. दुसऱ्या फेरीत तीन दुकानांची दरपत्रकं मागितली. शनिवारी सकाळची शाळा आटोपून धुळ्याला आग्रा रोडवर फिरून तीही आणली. मग फाइल परत आली, कारण शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात 'चित्रकला साहित्य' होतं आणि दरपत्रकात 'पोस्टर कलर'. समितीची सभा महिन्याने. नवा ठराव घेऊन गेले तर संबंधित लिपिक प्रशिक्षणाला गेलेले. ते परतल्यावर फाइल सापडेना; दिवाळीनंतर एका गठ्ठ्याखाली मिळाली. "तीन रंगांत पोरं काय काढतील? त्याच पैशांत बारा येतात," हे मी प्रत्येक फेरीत ऐकलं आणि प्रत्येक वेळी लाल-निळ्याचं सगळं पुन्हा समजावलं. पैसे नाहीत असं कुणीच म्हणत नव्हतं. सगळं अडलं होतं एका शब्दावर, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, ठराव, मागणीपत्र आणि दरपत्रक, तिन्हींत वस्तूचं नाव अक्षरशः एकच लिहा. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. मी पहिल्या दोन वेळा घेतली नव्हती.

त्या काळात आम्ही आकार उरकले. डच चित्रकार मोंद्रियानचं १९११ चं करडं झाड मोबाइलवर दाखवलं, त्यानंतरची त्याची उभ्या-आडव्या रेषांची चित्रंही. मग अंगणातला निंब तीनदा काढायला लावला: आधी दिसतो तसा, मग पानं गाळून नुसत्या फांद्या, शेवटी फक्त पट्टीच्या रेषा आणि बांगडीने काढलेली वर्तुळं. अमूर्त म्हणजे काय हे मला वेगळं समजवावं लागलं नाही. रंग नव्हते तेव्हा पिवळा आणि निळा जिलेटीन कागद खिडकीवर एकावर एक धरला. हिरवा दिसताच वर्गात आरडाओरडा.

डिसेंबरात बाटल्या उघडल्या. फिक्या रंगात गडद थेंबाथेंबाने घालायचा, उलट केलं तर अर्धी बाटली संपते. क्रिमझन आणि अल्ट्रामरीनमधून खरा जांभळा आला. त्याच मुलीने पांढरा वाढवत वाढवत सात जांभळे केले आणि निंबाच्या चौकोनांत भरले. ती ताटली तिने दोन दिवस धुऊ दिली नाही.

हिरवा मात्र जरा मळकट आला, कारण अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो. ताज्या हिरव्यासाठी हिरव्याकडे झुकणारा प्रशियन ब्लू लागतो आणि तो मागवायचा राहिला. पुढच्या ठरावाचा मसुदा मी आत्ताच लिहून ठेवलाय: 'पोस्टर कलर बाटली, प्रशियन ब्लू'.