सुरी लागण्याआधी : आमची वाटचाल

पुण्यात कार्पेट टाकून देणारे हवे तेवढे मिळतात. रोल पूर्ण उलगडून, पाठपोट बघून, मगच सुरी लावणारे किती, ते ज्याने त्याने आपापल्या साइटवर पाहावं. आम्ही पहिल्या कामापासून हेच करतो आणि 'वेळकाढू' हे नावही तेव्हापासूनच आम्हाला चिकटलंय.

ही सवय आमच्या पहिल्या भागीदारांची. सगळे त्यांना मामा म्हणत. इचलकरंजीत ग्रे कापडाच्या, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या, चेकिंग-फोल्डिंगमधून ते या धंद्यात आले. उभा दोष सुताचा, आडवा दोष यंत्राच्या थांबण्याचा, हा तिथला हिशेब त्यांनी टफ्टेड कार्पेटला, म्हणजे सुयांच्या ओळीने कापडात धागे ओवून केलेल्या कार्पेटला, जसाच्या तसा लावला आणि तो लागू पडला. एका सुईतला धागा तुटला की लांबीच्या दिशेने बारीक फट पडते, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती मीटरच्या मीटर चालते. मशीन थांबून पुन्हा सुरू झालं की आडवी रेघ उमटते. मधल्या नळीचा किंवा एकावर एक रचलेल्या रोलचा दाब पडला तरी आडवेच पट्टे दिसतात, पण तो दोष नव्हे. वाफेची इस्त्री पाइलला (वरच्या उभ्या धाग्यांना) न टेकवता वर धरायची. नायलॉन असेल तर पाइल उठून बसतो. नाही उठला तर फोटो काढून ठेवा.

४ मीटर रुंद, ३० मीटर लांब रोल दोन-अडीचशे किलोंचा. तो उलगडायला चार माणसं आणि मोकळा हॉल लागतो, म्हणूनच लोक टाळतात. आम्ही आधी लेबलं बघतो: क्वालिटी, शेड, लॉट (एका वेळी रंगवलेली खेप), रोल नंबर. शेड नंबर एकच असून लॉट वेगळा असेल तर ते दोन रोल एका खोलीत शेजारी जाणार नाहीत. रोल नंबर ओळीने लागतील तसेच टाकायचे. मग रुंदी, दोन्ही टोकांना आणि मध्ये. डिझाइन असेल तर आडवी दोरी ताणून धरायची, म्हणजे नक्षी धनुष्यासारखी वाकलीय का ते लगेच कळतं. मग उजेडाकडे तोंड करून चालायचं, परत येताना उजेड पाठीशी. शंका येईल तिथे कार्पेट बोटावर दुमडून मुळाशी बॅकिंग, म्हणजे धागे ज्यात ओवलेत ते कापड, दिसतं का ते बघायचं.

पाठीमागचा भाग कुणी बघत नाही, आणि पुढची निम्मी दुखणी तिथेच असतात. कोपऱ्याला दोन्ही बॅकिंग (धागे धरणारं आणि त्याखाली लॅटेक्सने, म्हणजे रबरी चिकाने, चिकटवलेलं) चिमटीत धरून सोलून बघा. सहज सुटली, किंवा लॅटेक्स खडूसारखं बोटाला लागलं, तर त्यात चुनखडीची भुकटी जास्त आहे नाहीतर लॅटेक्स नीट पिकलेलं नाही. असा माल खुर्च्यांच्या चाकांखाली फुगे धरतो. लूप पाइलचा, म्हणजे धाग्यांची वेटोळी न कापलेल्या कार्पेटचा, एक लूप स्प्रिंग काट्याच्या हुकात अडकवून ओढायचा. १० पौंड, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास, तग धरला पाहिजे. मामांचा पितळी काटा अजून आमच्या पेटीत आहे. नवीन पोरं डिजिटल मागतात. घ्या, पण हुक बोथट ठेवा, नाहीतर धागाच तुटतो आणि आपण लॅटेक्सला दोष देतो.

आता त्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलबद्दल, कारण तिथे आमचं शटर पडायची वेळ आली होती. कट पाइल (वेटोळी कापलेलं) नायलॉन, विणून झाल्यावर रंगवलेलं. रोल उलगडले तेव्हाच डावा काठ उजव्यापेक्षा गडद दिसला. आम्ही लेखी कळवलं. उद्घाटनाची पत्रिका छापून झाली होती. 'लावून घ्या' असं लेखी उत्तर आलं. लावलं. संध्याकाळी भिंतीलगतचे दिवे लागले आणि दर ४ मीटरवर रेघ. पेमेंट थांबलं. पुरवठादाराने बिलामागची अट दाखवली: कापलेल्या मालाची तक्रार चालणार नाही. कॉन्ट्रॅक्टरने बोलावलेल्या दुसऱ्या फिटरने, जो आमच्या साइटवर बरीच वर्षं डोळा ठेवून होता, जोड उचलल्याचा रिपोर्ट दिला. म्हणजे दोष आमचा. इकडे मजुरांचे पगार, तिकडे सोल्यूशनवाल्याची (कार्पेट चिकटवायच्या गोंदाची) उधारी.

उचललेला जोड आणि शेडचा फरक यांत गोंधळ व्हायचं कारण नाही. ताणाने जोड वर आला की त्याची सावली पडते. हातातला दिवा जोडाच्या दुसऱ्या बाजूला नेला की सावली बाजू बदलते, आणि वरून सरळ उजेड टाकला की नाहीशी होते. पट्टी आडवी ठेवली तर खाली उंचवटा लागतो. शेडचा फरक दिवा कुठेही न्या, जागचा हलत नाही. शिवाय आम्ही प्रत्येक रोलच्या टोकाची एक हात रुंद पट्टी काठापासून काठापर्यंत ठेवून देतो, मागे रोल नंबर, पाइलची दिशा (धागे कुठल्या बाजूला झुकलेत) आणि डावं-मधलं-उजवं असं मार्करने लिहून. त्या पट्टीचे तीन तुकडे पाइलची दिशा एक ठेवून शेजारी लावले. दोन्ही बाजूंनी बघितलं तरी डावा गडदच. एक तुकडा उलटा फिरवला की कुठलंही कार्पेट वेगळं दिसतं, त्यामुळे दिशा चुकली तर ही चाचणी कवडीमोल.

पुरवठादाराने थोडी रक्कम सोडली, आमचं बिल निघालं. रिटेन्शनचे, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवलेले, पैसे मात्र आजतागायत आलेले नाहीत आणि तो रिपोर्टही कुणी मागे घेतला नाही.

पुढची वर्षं बरी गेली. २०२० मध्ये ऑफिसं बंद पडली तेव्हा एका आयटी कंपनीच्या ॲडमिन मॅडमनी रिकाम्या मजल्यांवर कार्पेट टाइल (चौकोनी तुकड्यांत येणारं कार्पेट) बदलायचं काम दिलं. त्या आजही माल उतरला की आधी आम्हाला फोन करतात. टाइलचं सांगायचं तर वेगवेगळ्या खोक्यांतल्या दहा टाइल सरळ ओळीत घट्ट लावा. ५० सेंटिमीटरच्या टाइलची ओळ बरोबर ५ मीटर भरली पाहिजे. ५ मिलिमीटर वाढली तर चाळीस मीटरच्या मजल्यावर ४ सेंटिमीटर सरकते, आणि मग भिंतीलगत सगळं तिरकं. एक टाइल काचेवर ठेवून कोपरे उचललेत का ते बघा. मागचे, पाइलची दिशा दाखवणारे बाण एका दिशेला आहेत का, ते प्रत्येक खोक्यात बघा.

आमच्या कोटेशनमध्ये तपासणीचा दिवस आता वेगळा लावलेला असतो. तो कापून मागणाऱ्याला आम्ही दुसऱ्या फिटरचा नंबर देतो.