वस्त्रगाळ सत्त्वाची गिरणी : आमची वाटचाल

लालबागच्या आमच्या गाळ्यात वडिलांच्या काळापासून मसाल्याची, भाजणीची आणि मेतकुटाची दळणे होत आली आहेत. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून चालत जाण्याच्या अंतरावर उभे असूनही उपचारांसाठी गावाकडून आलेल्या माणसांसाठी आपण काही दळावे, हे आम्हाला कधी सुचले नव्हते. ते सुचवले जळगावकडच्या एका ताईंनी. त्यांच्या यजमानांना गालाचा कर्करोग होता, रेडिएशनने तोंड आतून सोलवटले होते आणि साधी लापशीसुद्धा झोंबत होती. ताईंनी मोड आणून वाळवलेली सव्वा किलो नाचणी पुढे केली आणि म्हणाल्या, "दादा, यात कण राहायला नको."

भाजणीच्या जात्याला आदल्याच दिवशी टाकी लावली होती, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत केला होता. ताज्या टाकीनंतरच्या पहिल्या दळणात दगडाची कच उतरते. ती भाकरीत खपून जाते, पण सोललेल्या तोंडात खपत नाही. दुसऱ्या दिवशी ताई पीठ घेऊन परत आल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवले आणि चाखायला लावले. त्याच महिन्यात आम्ही पथ्याच्या पिठासाठी वेगळी गिरणी घेतली. टाकी लावल्यावर तिच्यावर आधी दोन किलो तांदूळ दळून तो टाकून द्यायचा आणि मगच नाचणी घालायची, हा नियम आजतागायत मोडलेला नाही.

नाचणीत शंभर ग्रॅममागे प्रथिने जेमतेम सात ग्रॅम, तर बिनसायीच्या दूध पावडरीत सुमारे पस्तीस ग्रॅम असतात. उपचारातून सावरणाऱ्या साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साठ ते नव्वद ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणून आम्ही सत्त्वात, म्हणजे मोडाच्या नाचणीच्या या बारीक पिठात, दूध पावडर आणि डाळ्याचे पीठ मिसळू लागलो. पुढची काही वर्षे बरी गेली.

मग तो पावसाळा आला. मोडाची नाचणी चुरचुरीत वाळेपर्यंत थांबायला हवे होते, परंतु मागणी होती म्हणून मी घाई केली. तीन आठवड्यांत पाकिटांत गुठळ्या झाल्या. केमोथेरपीने संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या रुग्णाच्या पोटात बुरशी जाणे म्हणजे काय, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही दुकानादुकानांतून तो सगळा माल उचलला आणि पैसे परत केले. त्यासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या.

नेमके तेव्हाच आमचाच माल पोहोचवणारा वितरक फुटला. "यांचे पीठ कुजलेले असते," असे सांगत त्याने स्वतःचे पीठ आणले आणि डब्यावर "कर्करोगावर रामबाण" असे छापले. औषधे व जादुई उपचारांच्या जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याने असा दावा करता येत नाही. तरीही दुकानदारांनी त्याचा डबा दर्शनी फळीवर आणि आमची पाकिटे खाली ठेवली. शिवाय त्याचे पीठ करपेपर्यंत भाजलेले असे. मोडात पिष्ट फोडणारा जो घटक असतो, तो अशा भाजण्याने मरतो. तो जिवंत असेल आणि पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर उकळी येईपर्यंत शिजवले, तर लापशी पातळ राहते आणि चार घास खाणाऱ्याच्या वाटीत अधिक पीठ बसते. एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही, त्याने रामबाणाची भाषा करावी, हे मला आजही सलते. आमच्या पाकिटावर आम्ही "उपचारांना पूरक आहार" एवढेच लिहितो.

घरच्यांना माझे सांगणे आहे की तोंडाला धातूची चव येत असेल, तर स्टीलऐवजी लाकडी चमचा वापरा आणि पोटभर वाढण्यापेक्षा दोन-दोन तासांनी थोडे द्या. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आमचे पाकीटही आधी डॉक्टरांना दाखवा. उपचार चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या जास्त मात्रेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने तर मुळीच देऊ नका, कारण त्या उपचारांच्या आड येऊ शकतात.

त्या पावसाळ्यात आमच्याकडून दळण न थांबवणाऱ्या एकट्या त्या ताईच होत्या. यजमान आता भाकरी खातात, तरी ताई गावातल्या दुसऱ्या कुणा रुग्णासाठी फोन करतात आणि भाव विचारण्याआधी विचारतात, "दादा, टाकी कधी लावली?"