काळजात चर्र झालं, पण कुणाच्या?

परवा ताईला नवीन कथेचा ड्राफ्ट वाचायला दिला. पूर आलाय, कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत एका म्हाताऱ्या मूर्तिकाराच्या घरात पाणी शिरलंय, सगळे गणपती गेलेत. मी लिहिलेलं, 'त्याच्या काळजात चर्र झालं, डोळ्यांत पाणी तरळलं, दुःखाचा डोंगर कोसळला.' ताईनं मोबाईल परत दिला आणि म्हणाली, "एका पॅऱ्यात तीनदा रडवलंयस त्याला, मला एकदापण रडू आलं न्हाई बघ."

राग आला. पण खरंच होतं ते.

आणि गंमत म्हणजे 2019 चा पूर मी स्वतः बघितलाय की. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, त्या ऑगस्टात पाणी 55 च्या वर गेलेलं. आपण घाबरलोय असं पप्पा एकदाही म्हणाले नाहीत, फक्त दर अर्ध्या तासानं गॅलरीतून खाली दिसंल त्याला ओरडून विचारायचे, "किती फुटावर हाय रं?" आणि आत येऊन गार झालेला चहा तसाच प्यायचे, एरवी जरा कोमट झाला तरी आईला परत तापवायला लावणारा माणूस.

पाणी उतरल्यावर ओळखीच्या एका काकांकडं गेलो, गणपती करतात ते. शाडूच्या मूर्तींचा चिखल घमेल्यानं बाहेर काढून झालेला आणि काका पाट धूत बसलेले. लोकांचे पाट. गणपती ठरवताना आपण घरचा पाट नेऊन ठेवतो ना, त्याच्यावर खडूनं नाव लिहिलेलं असतंय, ती सगळी नावं पुसली गेलेली. काका एकेक पाट उलटासुलटा करायचे, तुटका कोपरा बघायचे, खिळे बघायचे आणि पोराला सांगायचे, "ह्यो मास्तरांचा. ह्यो मिरजकर तिकटीच्या वहिनींचा." पोरगं भिंतीला लावायचं. एका पाटावर अडले. बराच वेळ. मधेच पोरावर खेकसले, पाणी का सांडतोस म्हणून. मग तोच पाट परत धुवायला घेतला, धुतलेलाच.

हे डोळ्यांसमोर असताना मी 'दुःखाचा डोंगर' लिहीत बसलेलो! भरतमुनींनी नाट्यशास्त्रात कधीचं सांगून ठेवलंय की विभाव (भावनेचं कारण), अनुभाव (ती बाहेर दाखवणारी कृती) आणि व्यभिचारी भाव (मधेच येऊन जाणारे) एकत्र आले की रस तयार होतो. पुसलेलं नाव हा विभाव, परत धुणं हा अनुभाव, मधेच येऊन गेलेलं खेकसणं व्यभिचारी. शोक हा शब्द कुठंच नको. आणि नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव, म्हणजे अंगावर आपसूक उमटणारे, आठ आहेत, घाम, काटा येणं, आवाज बदलणं, कापणं, रंग उडणं वगैरे, त्यात अश्रू एकच, पण आम्हा लेखकांची लाईन तिथंच.

संवादाचंपण तसंच. आपल्याकडं दोस्त शिव्या घालतोय तोवर सगळं ठीक असतंय, तो नुसतं "बरं, चालतंय" म्हणून गप झाला की समजायचं बिनसलंय. तिथं पुढं 'तो रागाने म्हणाला' जोडलं की सीन मेला.

तर आता सगळं खोडून पाटांचा सीन टाकलाय. एकच वाक्य काढवेना, शेवटचं, 'त्याने डोळे मिटून घेतले.' ताई म्हणते तेपण काढ. बघतो, आजची रात्र राहू दे.