बायको बसली की सुरू, मी बसलो की बंद

गेला दीड महिना आमच्या गाडीने मला वेड लावलं होतं. मॅन्युअल गियरची पेट्रोल गाडी, चावीवाली, बटणबिटण काही नाही. चावी ऑनला नेली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागायचे, मागे पेट्रोल पंपाची दोन सेकंद गुणगुण व्हायची, आणि पुढे स्टार्टला फिरवली की काहीच नाही. टक् सुद्धा नाही. दोनतीनदा केलं की मग एकदम पहिल्या फटक्यात सुरू, जसं काही झालंच नव्हतं, आणि त्यानंतर चार दिवस शहाण्यासारखी वागायची.

पहिली चूक मी लगेचच केली. काही न मोजता बॅटरी बदलली. जुनी चार वर्षांची होती त्यामुळे मनाला पटलं पण होतं की हीच असणार. नवी बसवली, तीन दिवस मस्त गेले, चौथ्या दिवशी परत तेच. मग घरातला मल्टिमीटर शोधून काढला आणि तेव्हा कळलं की हे आधी करायला हवं होतं, कारण रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर किंवा टर्मिनलवर संशय घ्यायचा. जुनीचं काय होतं देव जाणे, ती तर दुकानातच देऊन आलो होतो.

खरं म्हणजे आवाजावरूनच अर्धं निदान होतं, ऐकायला मात्र हवं. टकटकटकटक असं भराभर वाजत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढला जातो पण करंट पुरत नाही म्हणून सुटतो आणि परत ओढला जातो. एकच जोरात 'टक्' आणि मग शांतता असेल तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेत, किंवा सेल्फ मोटरचे ब्रश संपलेत, किंवा इंजिनची अर्थ वायर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी) खराब आहे. सेल्फ छान फिरतोय पण इंजिन पकडत नाही तर मग पेट्रोल, स्पार्क, क्रँक सेन्सर, तो सगळा वेगळाच विषय. आणि अजिबात आवाज नाही, म्हणजे माझी केस, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये.

हे मला आता माहितीये. तेव्हा मी गाडी मेकॅनिककडे नेली, त्याने माझ्यासमोर दहा वेळा सुरू करून दाखवली, दहाही वेळा सुरू झाली, आणि तरी म्हणाला सेल्फ मोटर बदलून टाकू. म्हटलं थांबा.

घरी येऊन मोबाइलमध्ये नोंदी करायला सुरुवात केली. गाडी कधी अडली, इंजिन गार होतं का गरम, पाऊस होता का, कुठे उभी होती. गरम इंजिनचा काही संबंध निघाला नाही, पावसाचाही नाही. दोन आठवडे झाल्यावर एक दिवस सहज वाचून दाखवत होतो तर बायको म्हणाली, "माझ्याकडून तर एकदाही बंद पडली नाही." मी हसण्यावारी नेलं. मग नोंदी परत बघितल्या, आणि खरंच, सगळ्याच्या सगळ्या वेळा मी बसलेलो. ती वर म्हणते कशी, "तू क्लच नीट दाबतच नाहीस." वीस वर्षं गाडी चालवतोय मी, राग येणारच ना.

पण डोक्यात ते राहिलं. पुढच्या वेळी गाडी अडली तेव्हा ठरवलं होतं की परत परत चावी फिरवायची नाही, कारण एकदा सुरू झाली की पुरावा गेला. हेडलाइट लावले, समोरच्या भिंतीवर उजेड पडत होता, भिंतीकडे बघत चावी स्टार्टला धरली. उजेड जराही मंद झाला नाही. सेल्फ फिरायला शेकड्याने अँपिअर लागतात, त्यातला थोडा जरी करंट निघाला असता तरी दिवे मलूल झाले असते, म्हणजे बॅटरी, जाड वायरी आणि मोटर यांच्यापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. मग चावी ऑनला ठेवून शेजारच्यांकडून धक्का मारून घेतला, दुसऱ्या गियरला क्लच सोडला आणि गाडी झटक्यात सुरू. पेट्रोल ठीक, स्पार्क ठीक, इंजिनात काही नाही. मॅन्युअल गाडीचा हा एक फायदा, चालू तर होतेच, वर चाचणी पण होते.

नंतरच्या वेळी बायकोला सीटवर बसवून मी बॉनेटखाली फ्यूज बॉक्स उघडला आणि स्टार्टर रिलेवर, म्हणजे चावीच्या इशाऱ्यावर सेल्फकडे करंट सोडणाऱ्या छोट्या स्विचवर, बोट ठेवलं. तिला सांगितलं की क्लच मुद्दाम थोडा कमी दाब आणि चावी फिरव. बोटाखाली काही नाही. आता तळापर्यंत दाब म्हटलं, तर टक्, आणि इंजिन सुरू. रिले काढून मीटर लावला तर चावीकडून येणारे बारा व्होल्ट व्यवस्थित होते, दुसऱ्या बाजूची अर्थ मात्र पेडल अगदी तळाला टेकल्याशिवाय मिळत नव्हती. आमच्या गाडीत ती अर्थ क्लचच्या स्विचमधून येते. (सगळ्या गाड्यांत अशीच वायरिंग नसते, काहींत स्विच ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो आणि पुढचं ईसीयू ठरवतो.)

मग डॅशबोर्डखाली डोकं घालून, मान मोडेपर्यंत टॉर्च मारत पडून राहिलो. पेडलवर दोन स्विच दिसले आणि मी अर्धा तास चुकीच्याशी खेळत बसलो. वरचा जो असतो तो पेडल सोडलेलं असताना दाबलेला राहतो, तो ईसीयूसाठी. सेल्फचा स्विच खालच्या बाजूला, पेडल पूर्ण आत गेल्यावर दाबला जाणारा. तो काढून मीटरवर तपासला तर एकदम चांगला. बिघाड होता पेडलच्या पट्टीत. तिथे एक भोक असतं आणि त्यात नखाएवढं प्लॅस्टिकचं बूच बसवलेलं असतं, स्विचची दांडी त्या बुचावर टेकते. आमचं बूच वयाने कडक होऊन मधोमध तडकलं होतं, अर्धं गळून पडलेलं. त्यामुळे दांडी कधी उरलेल्या कडेवर टेकायची, कधी सरळ भोकात शिरायची. बायको उंचीने कमी, सीट पुढे ओढून बसते, पेडल जमिनीला टेकवते, त्यामुळे तिचं दर वेळी जमायचं. मी मागे रेलून गियर पडण्यापुरता दाबणारा.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे पायाखालच्या मॅटवर तपकिरी प्लॅस्टिकचा चुरा कितीतरी दिवस पडलेला असायचा. मुलांच्या खेळण्याचा असेल म्हणून मी दोनदा झाडून टाकला होता.

त्या दिवसापुरता भोकात रुंद डोक्याचा छोटा बोल्ट नटाने कसला आणि काम भागलं, नंतर नवीन बूच आणलं, ते बोटाने दाबून बसवायला मिनिटसुद्धा लागलं नाही. स्विचच्या दोन वायरी एकत्र जोडून टाका असा सल्ला मला दोघांनी दिला होता, तो मी ऐकला नाही. तसं केलं तर गियरमध्ये उभी असलेली गाडी क्लच न दाबताच चावीवर पुढे उडी मारते, आणि आमच्याकडे गाडी भिंतीकडे तोंड करूनच उभी असते.

आता माझ्याकडूनही सुरू होते. तरी मी चावी फिरवली की शेजारच्या सीटवरून एक नजर माझ्या डाव्या पायाकडे जातेच.