रामटेकचा गड आणि पावणेबारा किलोची पोरगी

नागपूरहून रामटेक जेमतेम ५० किलोमीटर. कामठी, कन्हान, मनसर. मनसरला उजवीकडे वळलं की थोड्याच वेळात गड. पण दोन वर्षांची मुलगी सोबत असली की हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. ते तिच्या दुपारच्या झोपेपासून उलटं मोजत यावं लागतं. आमची साडेबाराला झोपते. म्हणजे बाराला ती गाडीत बसलेली हवी, सव्वाअकराला गड उतरायला लागायचं, वर दोन तास धरायचे. हिशेब करत आलं की घरून साडेसातला निघणं आलंच.

जाताना मात्र तिला झोपू द्यायचं नाही. ‘वाटेत झोपली तर बरंच’ असं सगळे म्हणतात, आणि तिथेच दिवस बिघडतो. गाडीत वीस मिनिटांची डुलकी लागली की दुपारची झोप मोडते. मग परतीला पेंगुळलेली, पण काही केल्या न झोपणारी पोर मांडीवर उरते. कामठी ओलांडली की डोळे जड व्हायला लागतात. तेव्हा कोळशाचे ट्रक मोजायचे. कन्हान भागात खाणी असल्यामुळे त्यांचा तुटवडा पडत नाही. दोन वर्षांच्या मुलांची मोजणी ‘एक, दोन, पाच’ अशी चालते, ती दुरुस्त करू नये.

चाइल्ड सीट जाताना मागे डावीकडे लावावी. हिवाळ्यात सकाळचं ऊन उजव्या बाजूने येतं आणि थेट तोंडावर बसतं. परतताना बाराच्या सुमाराला तेच ऊन डावीकडून, थोडं समोरून येतं. तेव्हा सीट हलवायच्या फंदात न पडता डाव्या काचेला ओढणी अडकवली तरी पुरतं. सीट नकोच, मांडीवर घेऊ, हा विचार सोडा. अचानक ब्रेक लागला तर बारा किलोचं मूल कोणाच्याही हातांना धरवत नाही. शिवाय चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे.

गाडी नसेल तर एसटी आहे, रेल्वेही आहे. दोन्हीकडे पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. फक्त परतीची वेळ आपल्या हातात राहत नाही, आणि या सहलीत सगळं काही परतीच्या वेळेवरच आहे.

खाण्याचं म्हणाल तर निघताना पोटभर दूध नको, गडाच्या वळणांवर ते बाहेर येतं. अर्धी पोळी आणि केळं पुरे. मोठ्यांनी वाटेत तर्री पोहे खावेत. तिच्या वाटीत बिनतर्रीचे पोहे, आणि त्यातले शेंगदाणे एकूण एक वेचून काढलेले. डायपर दर तीन तासांना एक, वर दोन जास्तीचे.

गाडी बरीच वरपर्यंत जाते. खरा प्रश्न दार उघडल्यावर सुरू होतो: वानरं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, माणसांना पूर्ण सरावलेली. प्लॅस्टिकची पिशवी, दुधाची बाटली आणि मुलाच्या हातातलं बिस्कीट, एवढं त्यांना लांबून ओळखू येतं. खाली फुलं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “काहून हातात धरून राहिले जी पिशवी? वान्नेर नेईन ना!” सगळं पाठीवरच्या चेनच्या सॅकमध्ये, वर काही लोंबकळायला नको. पोरीच्या हातात काही द्यायचंच नाही, आवडती बाहुलीसुद्धा नाही. वानराने काही ओढलंच तर सोडून द्यायचं, खेचाखेची करायची नाही. ओरखडा आला किंवा चावलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करायची. जखम लहान आहे म्हणून थांबायचं नाही.

आता पायऱ्या. बाबागाडी गाडीतच राहू द्या. या वयाची मुलं एका पायरीवर दोन्ही पाय ठेवून मग पुढची चढतात. मोठ्यांसारखा एक पाय एका पायरीवर, दुसरा पुढच्या, हे साधारण तीन वर्षांनंतर येतं. दगडी पायरी तिच्या गुडघ्याला लागते, त्यामुळे दहा-बारा पायऱ्यांनंतर ‘उचल’ येणारच. तिथेच एक चूक सर्रास दिसते: आई एका हाताला, बाबा दुसऱ्या हाताला, आणि ‘एक, दोन, तीन, हुप्’ करत मुलाला मधोमध लटकवून पायरी पार करणं. पोरं खिदळतात, म्हणून कोणी थांबत नाही. पण पाच वर्षांखालच्या मुलांच्या कोपरातलं हाडाभोवतीचं कडं सैल असतं. सरळ हाताला वरून हिसका बसला की ते सरकून सांध्यात अडकतं. सूज नाही, जखम नाही. मूल फक्त तो हात वापरायचं बंद करतं. कोपर किंचित वाकवून, तळवा आत वळवून हात अंगाशी धरून ठेवतं आणि खेळणं पुढे केलं तरी दुसराच हात काढतं. असं दिसलं तर चोळायचं नाही, ओढून बघायचं नाही, तसंच डॉक्टरांकडे न्यायचं. बहुतेक वेळा ते क्षणात बसवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत मूल हात वर करतं. लहान मुलाला उचलायचं ते नेहमी बगलेत हात घालून. चालताना तिने आपलं बोट धरण्यापेक्षा आपण तिचा दंड धरलेला चांगला.

उतरताना आपण तिच्या एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून. तिला पाठमोरी, हातापायांवर उतरायची मुभा द्यावी. कपडे मळतात, मळू देत.

वर पहिला लागतो वराह दरवाजा आणि तिथला तो अखंड दगडाचा प्रचंड वराह. त्याच्या पोटाखालून जो पार होतो तो पापमुक्त, असं लोक सांगतात. मोठ्यांना अंग चोरून, खरडत जावं लागतं. कोणी मध्येच अडकलं की मागे हशा. दोन वर्षांची पोरगी सुळ्ळकन पलीकडे. अर्थात तिथल्या माणसाला आधी विचारून. आणि एक हात तिच्या डोक्यावर हवा, कारण मुलं पूर्ण बाहेर यायच्या आधीच उभी राहतात, आणि दगड दगडच असतो. आमची तीनदा गेली, चौथ्यांदा आत बसूनच राहिली.

पुढे सिंगपूर, भैरव, गोकुळ असे दरवाजे. आधी लक्ष्मणाचं देऊळ, मग रामाचं. चपला काढल्यावर फरशीला हाताची पालथी बाजू पाच सेकंद लावून बघा. तुम्हाला सोसवली नाही तर तिच्या तळव्यांना सोसवणार नाही. डिसेंबरातही अकरानंतर उन्हातला दगड तापतो. साधे मोजे गुळगुळीत फरशीवर घसरतात, खाली रबराचे ठिपके असलेले घ्यावेत. एप्रिल-मे तर विषयच नको. रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेलाही पोरीला घेऊन येऊ नये, गर्दीत तिच्या उंचीला फक्त गुडघे दिसतात.

प्रसादात फुटाणे आणि खोबऱ्याचे तुकडे मिळतात. दोन्ही या वयाला घशात अडकणारे. कोणी प्रेमाने थेट तोंडात घालायच्या आत हात पुढे करून “द्या, मी भरवते” म्हणायचं आणि खिशात टाकायचं. तिला वाईट वाटू नये म्हणून एक संत्र सोबत हवं. फोड सालपटातून सोडवायची, बी काढायची, वरची पांढरी पातळ साल ओढून फक्त रसाळ गर द्यायचा. पाच फोडींना दहा मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ ती एका जागी बसते. हे मात्र देवळाच्या आत किंवा गाडीत, वानरांसमोर नाही.

बारा वाजता गाडीत. मनसर यायच्या आत मान कलंडते. आता कुठेही थांबायचं नाही, चहालासुद्धा नाही. इंजिन बंद झालं की डोळे उघडतात. घरी पोचल्यावरही झोप बाकी असेल तर गाडी सावलीत, चारही काचा खाली आणि एक मोठं माणूस आत. थंडीच्या दिवसांतही बंद गाडीत मुलाला एकटं ठेवायचं नाही. आम्ही आळीपाळीने बसतो, ज्याची पाळी नसते तो सॅक रिकामी करतो.