चहाचे ग्लास ठेवलेली जाळी

2022 चा मे महिना. दुपारी तीनच्या सुमारास सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेलचे कारखानदार ऑफिसात आले. शंभराचा स्टॅम्प पेपर माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, चार ओळी टाईप करून द्या." आमचं ऑफिस अशोक चौकाजवळ आहे. टॅक्स, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कामगारांचे कागद अशी सगळी कामं सर घेतात. फॉर्म भरणं आणि टायपिंग माझ्याकडे.

त्या चार ओळी त्यांनी वहीच्या पानावर लिहूनच आणल्या होत्या. 'माझ्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकांनी माणुसकीच्या नात्याने 25,000 रुपये दिले व माझ्याकडील उचल माफ केली. यापुढे माझी कसलीही मागणी नाही.' मी विचारलं, "उजवा हात गेलाय तर सही कशी करणार?" ते म्हणाले, "डावा अंगठा घेऊ की."

कामगार बाहेर बाकावर बसला होता. वय 35. हाताला कोपरापर्यंत बँडेज, तो छातीशी धरलेला. शेजारी बायको. ती विड्या वळते, त्यामुळे बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली. तिच्याकडे बिडी कंपनीचं पीएफचं कार्ड होतं. बारा वर्षं यंत्रमाग चालवणाऱ्या नवऱ्याच्या नावावर मात्र कुठलाच कागद नव्हता. हजेरी नाही, पगाराची चिठ्ठी नाही. घरात दोघं तेलुगू बोलतात. माझ्याशी बोलताना ती मराठीत म्हणाली, "अक्का, कागदात काय हाय तेवढं वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. ती काहीच बोलली नाही. नवऱ्याच्या बँडेजकडे बघत राहिली.

मी आत येऊन सरांना सांगितलं की हा कागद मी टाईप करणार नाही. भीती वाटत होती, कारण शेठ आमचे जुने गिऱ्हाईक. सरांनी चष्मा काढला आणि शेठना समोर बसवलं. शेठचं म्हणणं सरळ होतं. शेडमध्ये सात माणसं, त्यामुळे ना कारखाना कायदा लागू, ना ईएसआय, म्हणजे भरपाईही नाही. असं समजणारे आपल्याकडे फार आहेत, म्हणून इथं जरा सविस्तर सांगते. कामगारांच्या नुकसानभरपाईचा तेव्हाचा कायदा 1923 चा होता आणि त्याला माणसांच्या संख्येची अट नव्हती. माल तयार होणाऱ्या जागेत एकच कामगार असला तरी तो लागू व्हायचा. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद 20 टक्के गेली असं त्याच्या परिशिष्टातच लिहिलं होतं. महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचा. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. वय 35 असेल तर त्याला कायद्यात त्या वयासाठी दिलेल्या 197.06 या आकड्यानं गुणायचं आणि येईल त्याचे 20 टक्के घ्यायचे. सरांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. आकडा आला 3,54,708.

शेठ गप्प झाले. मग म्हणाले, "आणि उचल? चाळीस हजार आहे माझी." सर म्हणाले, "भरपाईतून उचल कापता येत नाही. आणि हक्क सोडल्याचं असं कितीही लिहून घेतलं तरी कायद्यानं ते रद्दच. अंगठा घेऊन काही उपयोग नाही." रक्कम महिन्याच्या वर थकवली तर 12 टक्के व्याज चढतं, हेही सांगितलं.

तेव्हा शेठनी खरा मुद्दा काढला. "चाकावरची जाळी त्यानं स्वतः काढली होती. मग?"

हा मुद्दा पोकळ नव्हता. माहीत असलेलं संरक्षक साधन कामगारानं जाणूनबुजून काढलं आणि त्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी बाबतीत मालकाची जबाबदारी टळू शकते. सर म्हणाले, "चला, बघूनच येऊ." मीही गेले. इतकी वर्षं यांचे कागद भरत होते, पण शेडमध्ये पाय ठेवायची ती माझी पहिलीच वेळ.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत पत्र्याखाली त्याहून जास्त. पाच माग खडखडत होते, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. सहावा बंद. त्याच्या बाजूची दोन दातेरी चाकं उघडी होती, एका दातात धाग्याचं तूस अडकलेलं. जखमी कामगार तेच तूस काढायला गेला होता, चालू मागावर. माग बंद करून का नाही काढलं, असं मी शेजारच्या कामगाराला विचारलं. तो म्हणाला, "नगावर मजुरी हाय ताई. दिवसात धा येळा माग थांबवला तर टॉवेल किती पडणार?"

चाकाशेजारी जाळीच्या बोल्टची चार भोकं होती. मी वाकून बघितलं. चारही भोकं तेल आणि रुईच्या भुग्यानं गच्च भरलेली, वरचा थर वाळून कडक झालेला. नखानं खरवडला तरी निघेना. आठ दिवसांपूर्वी काढलेल्या बोल्टच्या भोकाची अशी दशा होत नाही. सरांनी मुकादमाला विचारलं, "जाळी कुठाय?" त्यानं भिंतीकडे बोट केलं. दोन विटांवर जाळी आडवी ठेवलेली, वर चहाचे ग्लास, साखरेचा डबा आणि कडेला अडकवलेले दोन टिफिन. ग्लासांच्या बुडाचे गोल गंजाचे डाग एकावर एक पडलेले. मी मोबाईलवर फोटो काढला.

बाकीच्या पाच मागांवरही जाळी नव्हती.

तिथं उभी असताना मला आठवलं ते चांगलं नव्हतं. आधीच्या वर्षी या शेडच्या विम्याचा फॉर्म मीच भरला होता. 'यंत्रांच्या फिरत्या भागांना संरक्षक आवरण आहे का?' त्यापुढे मी ऑफिसात पंख्याखाली बसून 'होय' लिहिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, सगळ्यांच्या फॉर्मवर तेच लिहायची सवय होती. परतताना गाडीत सरांना हे सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत.

शेठ वाईट माणूस नाहीत, ते स्वतः पोरवयात मागावर उभे राहिलेत. पण "त्यानं काढली" हे वाक्य त्यांनी त्या दिवसानंतर पुन्हा उच्चारलं नाही. रीतसर करारनामा झाला आणि तो भरपाई आयुक्तांकडे नोंदवला. मजुरीचा पुरावा म्हणून उचलीची वहीच कामाला आली, कारण तिच्यात आठवड्याची मजुरी शेठच्याच अक्षरात होती. रक्कम पूर्ण मिळाली. तो कामगार आता मागावर नाही, बायकोनं आणलेली विडीची पानं डाव्या हातानं कापायला शिकतोय असं ती सांगत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, तरी भरपाई मागायला येणारी माणसं तीच आहेत.

पुढच्या वर्षी शेठनी कामगार भरपाईची पॉलिसी काढायची ठरवली. फॉर्मवर तोच प्रश्न, पुढे 'होय' आणि 'नाही'चे दोन चौकोन. मी शेडवर गेले. पाच मागांवर जाळी होती, नवे बोल्ट चकचकत होते. सहाव्याची जाळी तारेनं बांधलेली. मी दोन्ही चौकोन रिकामे ठेवले आणि शेजारी लिहिलं, 'पाचांवर आहे. एकावर तारेने बांधली आहे, बोल्ट बसवायचे बाकी.'