तिथे हवा नाही

गुरुवार होता, म्हणजे लाईट जाणारच होती. तरी ती जाते तेव्हा दर वेळी दचकायला होतं. आधी पंखा मंदावला, मग फ्रिजने एकदा खडखडून अंग टाकलं. फ्रिज इतका वेळ बोलत होता हे तो गप्प झाल्यावर कळलं. दुपारचे अडीच. बाबा आतल्या खोलीत झोपलेले. मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो, आणि का कोण जाणे, चाळीतला गणपती आठवला.

दहा दिवसांतली एक रात्र व्हिडिओची असायची. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा, बरोबर तो लावणारा एक पोरगा, आणि रात्रभरात तीन पिक्चर. मधला ‘पोरांसाठी’ म्हणून इंग्रजी. त्या वर्षी ‘स्टार वॉर्स’ होता. १९७७चा पिक्चर आमच्या सतरंजीपर्यंत पोचायला आठ-दहा वर्षं लागली, पण पोचला. सुरुवातीलाच अंतराळात एक यान पळत गेलं आणि त्याच्यामागून दुसरं आलं, थेट आमच्या डोक्यावरून. त्याचं पोट दिसायला लागलं ते संपेचना. आम्ही पोरं बसल्या जागी मागे सरकलो. “अजून आहे?” कुणीतरी म्हणालं. अजून होतं. टीव्हीवरची अगरबत्तीची पुडीसुद्धा थरथरत होती.

नेमका तेव्हा मागून बाबांचा आवाज आला, “आवाज येईलच कसा? तिथे हवा नाही.”

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. “मास्तर, खाली बसा, दिसत नाही!” जिन्यातून कुणीतरी ओरडलं. बाबा खाली बसले, गप्प नाही बसले. पुढे प्रत्येक स्फोटाला हळूच, “हवा नाही.”

मी मात्र ती यानं कशी केली हे वाचत सुटलो. डोक्यावरून न संपणारं ते धूड जेमतेम तीन फुटांचं होतं. त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारं ते चिमुकलं, त्याचं मॉडेल सहा फुटांहून मोठं! आणि पळत दोघंही नव्हती. स्पेशल इफेक्टवाला जॉन डायक्स्ट्रा आणि मंडळींनी कॉम्प्युटरच्या तालावर चालणारा कॅमेरा त्यांच्याजवळून रुळावर सरकवला होता. स्टेशनात शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असं वाटतं, तसलाच प्रकार. शत्रूच्या छोट्या यानांची किंचाळी तर पिक्चरचे आवाज बनवणाऱ्या बेन बर्टने हत्तीचं ओरडणं आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटार एकत्र करून बनवली होती. हे मी कॉलेजात असताना बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, “हत्तीलाही हवा लागते.”

शेवटी त्यांच्या मनासारखा एक सापडला. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’, १९६८चा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या आधीचा. त्यात बोमन नावाचा अंतराळवीर हेल्मेटशिवाय यानात परत शिरतो. दार उडतं, तो भिंतींवर आपटतो, आणि कशाचाही आवाज नाही. मग तो खटका ओढतो, हवा आत येते, आणि हवेबरोबर आवाज. मी बाबांकडे बघितलं. “बरोबर,” ते म्हणाले. पैकीच्या पैकी. त्यानंतर दहा मिनिटांत ते घोरत होते.

हल्लीचे लोकही शांतता पाळतात, पण उपासाला साबुदाण्याची खिचडी खावी तशी. ‘इंटरस्टेलर’मध्ये स्फोट मुका, की लगेच मागून संगीतकार हान्स झिमरचा ऑर्गन, पोटभर.

मला स्वतःला, बाबांना सांगू नका, आवाज लागतो. बाहेरचा नसला तरी चालेल, आतला हवा. यान म्हटलं की ती अखंड घरघर पाहिजेच. आणि यात मी फारसा चुकत नाही. खऱ्या अंतराळ स्थानकात पंखे अहोरात्र चालू असतात. तिथे सगळंच तरंगतं, त्यामुळे गरम हवा आपली आपण वर जात नाही. पंखा थांबला तर झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साचून राहतो. तिथल्या माणसांना आवाजाने नव्हे, आवाज थांबल्यावर जाग येत असेल.

त्या ‘२००१’मध्ये माणूस यानाबाहेर पडला की फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. आत, बाहेर. आत, बाहेर. बराच वेळ. पहिल्यांदा बघताना मला त्याचा भयंकर कंटाळा आला होता.

लाईट नसलेल्या घरात आतल्या खोलीतून बाबांचा श्वास ऐकू येत होता. एक यायचा, मध्ये जरा थांबायचं, मग पुढचा. मी काही मोजत नव्हतो. चहा गार झाला होता.

तीन वाजून गेल्यावर लाईट आली. फ्रिज गुरगुरला, पंखे फिरायला लागले, वरच्यांचा मिक्सर सुरू झाला. श्वास ऐकू येईना.

म्हणून उठलो आणि जरा आत जाऊन बघून आलो.